पेटीने मामंजींना गप्प केलं तेव्हा

आमच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं होती. एक अन्ना, आणि दुसरे अन्नांनी केलेलं निस्तरणारे आम्ही सगळे. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते आणि ते खूष होऊन हसतात, म्हणून इथं लिहायलाही हरकत नाही.

'अन्ना' हे काही त्यांचं नाव नव्हे. तेलुगूत थोरल्या भावाला अन्ना म्हणतात, आणि ऑफिसात सगळ्यांत थोरले तेच. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी एका जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत काढली होती. ती भाषा माणसाला काही म्हणजे काहीच विचारत नाही. तुम्ही सांगाल ते करते, चुकीचं सांगितलंत तर चुकीचं करते, आणि करताना कपाळावर आठीसुद्धा पडू देत नाही. अशा भाषेत मुरलेल्या माणसाला एक ऐट येते. अन्नांना ती होतीच. हेल्मेट कोपरात अडकवून स्कूटर चालवायचे, आणि कुणी टोकलं तर म्हणायचे, "डोकं कुठं आहे ते मला माहीत आहे ना, बस."

मी नेमकी उलट. गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघते. कुलूप लावल्यावर ओढून बघते, आणि जिना उतरल्यावर, आपण ओढून बघितलं होतं का या शंकेनं पुन्हा वर जाते. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर वकिली करून आता घरी असतात. हैदराबादेतल्या आमच्या नल्लकुंट्याच्या घराच्या बाल्कनीत त्यांची खुर्ची असते. मला परत वर येताना पाहिलं की वर्तमानपत्र जरा खाली करून विचारतात, "काय गं, अपील?"

तर अशी मी आणि तसे अन्ना, दोघं मिळून एक पेटी बनवत होतो.

हिमायतनगरात चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं छोटंसं ऑफिस. आम्ही दवाखान्यांत आणि लॅबमध्ये भिंतीवर लावायची टोकनची पेटी करायचो. काउंटरवरच्या माणसानं बटण दाबलं की पडद्यावर नंबर उमटतो, आणि पेटी तो नंबर आधी तेलुगूत, मग हिंदीत पुकारते. पैसे देऊन आवाज घेण्याइतकी आमची कंपनी मोठी नव्हती. त्यामुळे तेलुगू आवाज अन्नांचा आणि हिंदी माझा. अन्नांच्या मते माझी मराठी वळणाची हिंदी दवाखान्याला शोभेल अशी जरा आजारीच होती.

स्टोअररूमच्या भिंतींना गाद्या टेकवून आम्ही एक ते दोनशे आकडे बोललो. एकशे सत्तराच्या पुढं माझा घसा बसला, आणि अजूनही काही दवाखान्यांत शेवटच्या पेशंटांना सर्दी झालेल्या बाईचा आवाज ऐकू येतो. आकड्यांच्या शेवटी तीन सूचना होत्या. कृपया शांतता राखा. कृपया चपला बाहेर काढा. आजची वेळ संपली आहे. यासाठी वेगळी बटणं होती.

"दोनशेच का?" मी विचारलं होतं. पेटी कोठी नावाच्या भागातल्या एका डॉक्टरांकडं लागायची होती.

"कोठीचे डॉक्टरसाब खुद बोले, दीडशेच्या वर टोकन देतच नाही," अन्ना म्हणाले. आमचं बोलणं असंच चालतं, थोडं दखनी, थोडं तेलुगू, आणि माझ्याकडून त्यात पडलेलं मराठी. "दोनशे म्हणजे तर ऐश आहे."

हा प्रोग्रॅम आम्ही जुन्या नव्हे, एका नव्या भाषेत लिहीत होतो. कंपनीच्या मालकांनी ती कुठल्याशा परिषदेत ऐकली होती आणि मी त्यांच्या मागं लागून ती मंजूर करून घेतली होती. ही भाषा स्वभावानं संशयी आहे. समजा ओळीनं कप्पे असलेलं एक कपाट आहे, आणि तुम्ही म्हणालात, अमुक नंबरच्या कप्प्यातलं काढ. तर ती आधी बघते, कपाटात तेवढे कप्पे आहेत का? नसले तर हात घालत नाही. अन्नांची जुनी भाषा बेधडक हात घालायची. कपाट संपलं तर शेजारच्या कपाटात, ते संपलं तर भिंतीत, जे हाताला लागेल ते आणून द्यायची आणि म्हणायची, हे घ्या.

नव्या भाषेतही तसं करायची मुभा आहे. फक्त त्या ओळींना कंस घालून कंसाच्या आधी एक शब्द लिहावा लागतो, 'अनसेफ'. म्हणजे इथं भाषेनं पाहिलेलं नाही, लिहिणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर केलं आहे. मला हा शब्द फार आवडायचा, कारण तो माझ्या कोडमध्ये कुठंही नव्हता. अन्नांना तो वेगळ्या कारणासाठी आवडायचा.

झालं असं की पेटी संथ निघाली. बटण दाबल्यावर ती जणू आठवायला बसायची, आणि मग सावकाश म्हणायची, "टोकन... नंबर..." तेवढ्यात पेशंट पडद्यावर बघून डॉक्टरच्या खोलीत पोचलेला असायचा. पेटीतली चिप स्वस्तातली होती, त्यामुळे थोडा उशीर होणारच होता, पण हा फार होता. आणि कोठीचे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी पेटी बघायला येणार होते.

अन्नांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. तेलुगू रिवाजानं ते मला अम्मा म्हणत. "अम्मा, तुझ्या या भाषेला जरा कमी बोलायला सांग. प्रत्येक वेळी 'कप्पा आहे का, कप्पा आहे का' विचारत बसते. पेटीचा सगळा वेळ विचारण्यात जातो."

"त्या विचारण्याला कितीसा वेळ लागतो, अन्ना? उशीर दुसरीकडंच कुठंतरी होतोय. आपण मोजून बघू या ना."

"मोजायला वेळ आहे का? डॉक्टर उद्या येतात."

"पण चुकीचा नंबर आला तर?"

"कुठून येईल? काउंटरवाला बटण दाबतो, एक-एक करून नंबर वाढतो. दोनशेच्या वर जातच नाही. डॉक्टर बोलले ना!"

"डॉक्टरांनी सांगितलं ते भाषेला कुठं माहीत आहे?"

"म्हणून तर मी तिला सांगतोय," अन्ना म्हणाले आणि कीबोर्ड पुढं ओढला. "इधर लिखा, अनसेफ. अब वो चुप बैठेगी."

त्या दुपारी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आवाज काढायच्या ओळी अनसेफच्या कंसात टाकून तपासणी काढून टाकली. आणि दुसरी, जाता जाता, सगळे आवाज पेटी सुरू होतानाच ते साठवलेल्या कार्डावरून मेमरीत एकापाठोपाठ भरून ठेवले. आधी तेलुगू आकडे, मग तेलुगू सूचना, त्यांना चिकटून हिंदी आकडे, मग हिंदी सूचना. पूर्वी पेटी प्रत्येक नंबराला कार्ड उघडून त्यातून आवाज शोधत बसायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बटण दाबलं तर बोट उचलायच्या आत अन्नांचा भारदस्त आवाज घुमला. डॉक्टर खूष, मालक खूष.

"बघितलंस?" अन्ना मला म्हणाले. "तपासणी काढली आणि उडायला लागली."

"तपासणीमुळं नाही, कार्डामुळं," मी म्हणाले.

"हौ हौ," अन्ना म्हणाले. हैदराबादेत कुणी दोनदा 'हौ' म्हटलं की समजायचं, विषय संपला.

तपासणीच्या बाजूनं मी आणखी एकदोनदा तोंड उघडलं. निदान त्या कंसाच्या वर, हे सुरक्षित आहे असं आपण का मानतो याची एक ओळ तरी लिहू या, असंही सुचवलं. ही काही माझी कल्पना नव्हती. त्या भाषेत काम करणारे लोक असं करतातच. अन्ना म्हणाले, कोड वाचणाऱ्याला अक्कल असली पाहिजे. मालक म्हणाले, पुढच्या वेळी. पेटी कोठीला लागली आणि तो विषय भिंतीवर चढून बसला.

त्याच आठवड्यात मी एक दिवस घरूनच काम करत होते. मामंजी चहाचा कप घेऊन माझ्या मागं उभे राहिले. त्यांना लॅपटॉपमधलं काही कळत नाही, पण इतक्या वर्षांच्या सवयीनं कुठलाही कागद दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही.

"हे काय लिहिलंय? अनसेफ?"

"हौ. म्हणजे या ओळींची खात्री भाषेनं करून घेतलेली नाही."

"आणि हे कुणी लिहिलं? बाहेरच्या तपासनिसानं?"

"नाही, लिहिणाऱ्यानंच. अन्नांनी."

मामंजींनी कप टेबलावर ठेवला. "म्हणजे आधी कबुलीजबाब, मग गुन्हा! माझ्या अख्ख्या वकिलीत असा अशील मिळाला नाही गं. पण कारण कुठं आहे? दस्तात नुसती खाडाखोड केली तरी शेजारी सही करावी लागते. इथं हा बुवा खुशाल म्हणतो, असुरक्षित आहे, आणि पुढं चालू लागतो."

"तेच मी म्हणत होते."

"मग ऐकत का नाहीत?"

"मी म्हणत होते म्हणून," मी म्हणाले. मामंजी मोठ्यानं हसले आणि कप तिथंच विसरून गेले.

कोठीचे ते डॉक्टर मामंजींचेही डॉक्टर. गुडघा, रक्तदाब आणि पेपरातल्या बातम्या या तीन तक्रारींसाठी मामंजी त्यांच्याकडं वर्षानुवर्षं जातात. पेटी लागल्यापासून तिथं जाण्यात त्यांना नवाच उत्साह आला. दवाखाना लहान आणि पेशंट फार, म्हणून निम्मे लोक बाहेर जिन्यावर आणि गॅलरीत बसतात. तिथून पडदा दिसत नाही, नुसता आवाज येतो. मामंजी मुद्दाम गॅलरीत बसायचे. पेटी बोलली की शेजारच्याला म्हणायचे, "ये आवाज सुने? हमारी बहू है." मग मशीनही तिनंच बनवलं, असं सांगायचे. अन्नांचा उल्लेख त्यात येत नसे. पेटीतल्या अर्ध्या आवाजाचं तरी श्रेय त्यांना द्या म्हटलं, तर म्हणाले, "तेलुगू त्याची, अक्कल तुझी. बरोबर वाटणी केलीय मी."

मग तापाची साथ आली. त्या वर्षी घरटी एक माणूस अंथरुणात होता. कोठीत औषधांच्या दुकानांपुढं रांगा, आणि आमच्या डॉक्टरांनी, भला माणूस, आलेल्या कुणालाच परत पाठवलं नाही. टोकन देत गेले. मामंजींना ताप नव्हता, गुडघाच होता, पण त्यांना नेमका त्यातलाच एक दिवस सुचला. संध्याकाळ व्हायला आली होती. त्यांच्या हातात टोकन होतं दोनशे एक.

पुढचं मला फोनवर कळलं. मी ऑफिसात होते. मामंजींचा आवाज कोर्टात चढायचा तसा चढला होता.

"सूनबाई, मला एक सांग. घरात म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून भिंतीवरून म्हणालीस काय?"

"काय झालं मामंजी?"

"माझा नंबर यायचा होता. दोनशे झाले. मी उठून उभा राहिलो, काठी घेतली. शेजारी चार माणसं, त्यांना आत्ताच सांगितलं होतं, ही माझी सून. आणि तुझी पेटी म्हणते, 'कृपया शांति बनाए रखें.' मी खाली बसलो!"

मला हसू आवरेना. दोनशे एक. दोनशे कप्प्यांचं कपाट संपलं होतं, आणि पेटीनं पुढं हात घालून जे लागलं ते काढलं होतं. आकड्यांनंतरचा पहिला आवाज शांततेचाच होता.

"मग?"

"मग काय, सगळे गप्प. आत कुणी गेलं नाही. आतल्यानं पुन्हा बटण दाबलं असावं. आता तू म्हणतेस, चपला बाहेर काढा. सगळी गॅलरी आपल्या पायांकडं बघतेय. एका म्हातारीनं काढल्यासुद्धा!"

"मामंजी, ऐका, आता पुढचा नंबर दाबला तर—"

पण काउंटरवरच्या माणसानं तो दाबलाच. फोनमधून मला आधी अन्नांचा घुमणारा तेलुगू आवाज ऐकू आला, आणि त्यापाठोपाठ माझा स्वतःचा, नम्र, आजारी हिंदीतला आवाज. आजची वेळ संपली आहे. मग एकदम गलका. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी ओरडलं, "दुपहर से बैठे हैं!" आणि त्या गलक्यात मामंजी कुणालातरी समजावत होते, "नही नही, बहू ने नही बोला, मशीन बोली."

कोणीतरी पुन्हा बटण दाबलं. या वेळी तेलुगूच्या जागी पेटीनं हिंदीत ठणकावून सांगितलं, "टोकन नंबर एक." तेलुगूच्या सूचना संपल्या होत्या आणि त्यांना चिकटून हिंदी आकडे होते, म्हणून. हिंदीच्या पुढं मात्र काहीच नव्हतं. एक लांब खर्रर्र आवाज आला आणि पेटी बंद पडली.

अन्ना माझ्या शेजारीच उभे होते. फोनचा आवाज बाहेर येत होता. त्यांना काही सांगावं लागलं नाही. 'शांतता'पाशी त्यांनी भुवया वर केल्या, 'चपला'पाशी खाली बसले, आणि 'नंबर एक' ऐकल्यावर उठून हेल्मेट हातात घेतलं.

आम्ही रिक्षानं कोठीला गेलो, कारण अन्नांच्या मागं स्कूटरवर बसायची माझी कधीच तयारी नसते. दवाखान्यात तोवर जरा शांत झालं होतं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन टोकनं बघून एकेकाला आत घेत होते. कुणाचं नुकसान झालं नव्हतं. दोघे-तिघे चिडून घरी गेले होते, त्यांना काउंटरवरच्या माणसानं फोन करून बोलावलं होतं. मामंजी तपासून घेऊन बाकावर बसले होते, आणि साक्षीदाराची वाट बघणाऱ्या वकिलासारखे दिसत होते.

मी ओळख करून दिली. "मामंजी, हे अन्ना."

मामंजींनी त्यांना शेजारी बसायला सांगितलं आणि आपल्या ठेवणीतल्या उर्दूत सुरुवात केली.

"आपने लिखा?"

"जी."

"और उस पर ये भी लिखा कि महफूज नही है?"

"जी, वो... लिखना पडता है."

"लिखना पडता है. अच्छा. तो ये किसने तय किया कि नंबर दोसौ के ऊपर नही जाएगा?"

अन्नांनी डॉक्टरांच्या दाराकडं पाहिलं. "डॉक्टरसाब बोले थे."

"डॉक्टरसाब ने बुखार आने से पहले बोला था. बुखार से किसीने पूछा?"

अन्नांनी हातातलं हेल्मेट बाकावर ठेवलं. मग ते हसायला लागले, मामंजीही हसले, आणि त्यांनी अन्नांच्या गुडघ्यावर थाप मारली. "बेटा, असुरक्षित करायला माझी ना नाही. मी पण जन्मभर आरोपींची बाजू घेतली. पण घेताना वर लिहून द्यायचं, का घेतली. दुसऱ्यानं वाचलं म्हणजे त्याला विचारता येतं." हे सगळं मामंजी मराठीतच बोलले, आणि अन्नांना ते कळलं. माझ्याबरोबर काम करून एवढं मराठी त्यांना कळू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणी परत घातली. नंबर कपाटाबाहेरचा असेल तर पेटी नुसती 'टुंग' वाजवून पडद्यावर आकडा दाखवेल, असं केलं. मग अन्नांना शेजारी बसवून दोन्ही प्रकार मोजून दाखवले, तपासणी असताना आणि नसताना. काही फरक दिसेना. अन्ना म्हणाले, पुन्हा मोज. पुन्हा मोजलं. ते म्हणाले, कानानं ऐकू या. मी बटण दाबत गेले आणि ते पेटीला कान लावून डोळे मिटून बसले, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे.

"नाही कळत," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे ती कार्डाची भानगड काढली, त्यानंच वेग आला. माझ्या अनसेफनं काहीच केलं नाही?"

"केलं ना, अन्ना. मामंजींना गप्प केलं. ते आजवर कुणालाच जमलं नव्हतं."

त्या दिवसापासून ऑफिसात नियम झाला. अनसेफ लिहायचं तर वर कारण लिहायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते वाचून मान्य केल्याशिवाय पुढं जायचं नाही. नियम अन्नांनीच काढला, मालकांना समजावून सांगितला, आणि तो कुणाचा असं विचारल्यावर म्हणाले, "नल्लकुंट्याच्या वकीलसाबांचा." मी तोच नियम कितीदा मागितला होता, हे मी तिथं बोलले नाही. घरी बोलले. मामंजी म्हणाले, "मग फी निम्मी निम्मी."

कोठीच्या दवाखान्यात मात्र त्यांनी पुढं पेटीविषयी बोलणं बंद केलं. परवा कुणीतरी त्यांना विचारलं म्हणे, ये आपकी बहू की आवाज है ना? तर हे म्हणाले, "मिलती जुलती है."

इथं ही गोष्ट माझ्या बाजूनं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण पुढं मलाच अनसेफ लिहायची पाळी आली.

आम्ही पेटीत मोठा स्पीकर बसवायचं ठरवलं, आणि त्यासाठी आवाजाची नवी चिप घेतली. या चिपशी बोलायचं म्हणजे मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर थेट आकडा ठेवायचा. त्या पत्त्यावर खरंच चिप आहे, हे भाषेला कळायचा काही मार्गच नाही. ते, चिप ज्यावर बसवलेली असते त्या बोर्डाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि भाषा माहितीपत्रक वाचत नाही. कुणीतरी वाचायचं आणि भाषेला सांगायचं, माझ्यावर विश्वास ठेव. हे टाळून पेटी बोलणारच नव्हती. दुसऱ्या कुणी तयार केलेलं सुरक्षित साधन वापरावं म्हणून शोधलं, ते सापडलंही, पण उघडून पाहिलं तर आत त्यानंही अनसेफच लिहिलं होतं.

मी तो कंस उघडून कितीतरी वेळ बसून राहिले. शब्द टाइप करायचा आणि खोडायचा. अन्ना मागून जाता जाता म्हणाले, "क्या अम्मा, मुहूर्त बघतेस?"

"तुम्ही लिहा ना."

"मी लिहिलं तर वाचणार कोण? तू लिही, मी वाचतो. आता माझी पाळी."

मी लिहिलं, अगदी थोड्या ओळी. पूर्ण कोडमध्ये तेवढाच कंस, आणि बाकी कुणाला तिथपर्यंत थेट जाता येऊ नये म्हणून त्याच्याभोवती तपासणी करणारं सुरक्षित कुंपण. वर कारण लिहिलं. 'हा पत्ता आमच्या बोर्डावर नेहमी आवाजाच्या चिपचाच असतो.' वाचून समाधान झालं. छान, आटोपशीर वाक्य.

अन्नांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "नेहमी? किसने बोला?"

"माहितीपत्रकात आहे."

"कुठल्या बोर्डाच्या?"

मी दाखवलं. अन्नांनी स्टोअररूममधून एक बोर्ड आणून माझ्यापुढं ठेवला. त्यावर छापलेला क्रमांक माझ्या माहितीपत्रकातल्या क्रमांकापेक्षा एका अक्षरानं वेगळा होता. विक्रेत्यानं मधेच नवीन प्रकार पाठवला होता आणि तो खोक्यात कधीचा पडून होता.

मला राग आला. त्यांचा नव्हे, त्या एका अक्षराचा. आणि थोडा त्यांचाही, कारण ते हसत नव्हते. हसले असते तर भांडता आलं असतं. ते गंभीरपणे म्हणाले, "नव्याचं शोध. बहुतेक सारखंच असेल. पण बहुतेक आहे तोवर मी हो म्हणणार नाही."

नव्या बोर्डाचं माहितीपत्रक मिळवून वाचलं. पत्ता तोच होता. पण नव्या प्रकारात ती चिप आधी जागी करावी लागते. ती झोपलेली असताना त्या पत्त्यावर काही लिहिलं की अख्खा बोर्ड अडकून पडतो. म्हणजे आमच्या निम्म्या पेट्या भिंतीवर चढून मुक्या राहिल्या असत्या. मी चिप जागी करायची पायरी घातली, ती झाल्याशिवाय कंसापर्यंत पोचताच येणार नाही अशी व्यवस्था केली, आणि वरचं कारण बदललं. 'नेहमी' हा शब्द काढला. कुठल्या कुठल्या बोर्डावर, आणि आधी काय झालेलं असेल तर, असं सविस्तर लिहिलं. वाक्य लांबलं आणि कुरूप झालं. अन्नांनी ते दोनदा वाचलं, बोर्डावर बोट ठेवून ताडून पाहिलं, आणि म्हणाले, "अब ठीक."

त्यातली पहिली पेटी मलकपेठेतल्या एका लॅबमध्ये लागली. मी आणि अन्ना दोघंही गेलो. लॅबचे मालक वयस्क, सावध गृहस्थ होते. कोठीचा किस्सा त्यांच्या कानावर आला होता. अन्ना शिडीवर चढून स्क्रू घट्ट करत होते तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"मॅडम, ये वाली सेफ है ना?"

पूर्वी मी झटकन 'हो' म्हणाले असते. आता तसं म्हणवेना. मग सांगितलं की बहुतेक सगळं काम भाषा स्वतःच तपासते, तिथं आमचं काही चालत नाही. एका छोट्या जागी मात्र तिला तपासता येत नाही, तिथं मी तपासलं आहे, आणि मी तपासलेलं शिडीवरच्या साहेबांनी तपासलं आहे.

त्यांनी शिडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खिशातून मोबाईल काढला आणि चष्मा नीट केला.

"तो ऐसा करो," ते म्हणाले, "भाषा का छोड दो. आप दोनों के नंबर दे दो."